मित्रास पत्र: आप्पांच्या घरातला सर्व्हर

सोलापूर,
9 एप्रिल

प्रिय महेश,
सप्रेम नमस्कार.

सिनेमे साठवून टीव्हीवर दाखवणाऱ्या सर्व्हरच्या सामानाची तुझी यादी मिळाली. का बे, घरात सिनेमे बघायचेत की हवामान खातं उघडायचंय? आठ कोरचा प्रोसेसर, 64 जीबी रॅम, चार डिस्क आणि अगदी तळाला ‘यूपीएस नंतर बघू’. हे मशीन तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये नाही, अशोक चौकाजवळच्या घरात आप्पांच्या भरवशावर चालणार आहे. म्हणून यादी उलटी कर. यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर मशीन थोडा वेळ चालवणारी बॅटरी, सगळ्यात वर, मग डिस्क, मग हवा खेळेल असं कॅबिनेट. प्रोसेसर शेवटी.

रविवारी घरी जाऊन आलो. काकूंनी भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, ते वेगळं सांगायला नको. आप्पांनी मोठ्या उत्साहाने माळा दाखवला, ‘इथं कुणाचा हात लागत नाही’ म्हणाले. पण स्लॅबला लागून असलेला माळा आणि सोलापूरचा मे महिना! डिस्कच्या कागदावर बहुधा 60 अंशांपर्यंत चालते असं असतं, पण रोज तिथवर न्यायची नसते. 45 च्या आत राहिली की निर्धास्त. बाहेर 43 असताना माळ्यावर पंखा लावला तरी तो तापलेली हवाच फिरवणार. शेवटी खालच्या खोलीत, टीव्हीच्या डाव्या अंगाची उघडी फळी ठरवली. आप्पा जरा हिरमुसले.

दुसरी गोष्ट तू विसरलास. शेजारचा टॉवेलचा कारखाना अजून चालू आहे. त्या फळीवरून बोट फिरवलं तर सुताची पांढरी तुसं बोटाला गुंडाळून आली. पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमध्ये ती बसली की आठवड्याभरात हवा कोंडते. म्हणून हवा आत घेणाऱ्या बाजूला बाहेरून काढता येणारी जाळी असलेलं कॅबिनेट घे. पंखा 120 मिमीचा, हळू फिरणारा. जाळी झटकायचं काम आप्पा करतील, फक्त स्क्रूड्रायव्हर लागता कामा नये.

आता डिस्क. चार 4 टीबीच्या ऐवजी दोन 8 टीबीच्या घे आणि मिरर कर, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जाईल. चारांच्या रचनेत जागा जास्त मिळते हे खरं, पण उष्णताही चौघींची. शिवाय सुरू होताना एकेक डिस्क क्षणभर वीसेक वॉट ओढते, म्हणजे पॉवर सप्लायही मोठा लागतो. आणि भरणार काय आहेस? लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस कॅसेटी 6 मेगाबिटने उतरवल्या तर दोन तासांची एक कॅसेट साडेपाच जीबीच्या आत बसते. सगळं गाठोडं उतरवलंस तरी एक टीबी भरणं अवघड.

घेताना मॉडेल नंबर शोधून डिस्क सीएमआर (माहितीचे पट्टे वेगवेगळे ठेवणारी) आहे का ते बघ. नुसत्या ‘नॅससाठी’ (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी) या लेबलवर जाऊ नकोस. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या डिस्क एसएमआर निघाल्या होत्या, आणि ते डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सिनेमे वाचायला काही अडत नाही, पण मिररमधली एक डिस्क बदलून सगळं पुन्हा भरायची वेळ आली की रखडते. सीगेटची आयर्नवुल्फ किंवा वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस, कुठलीही चालेल, फक्त भारतातली वॉरंटी असलेली. हातात आल्यावर आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते, आकडे काढ. नवी म्हणून दिलेली डिस्क हजारो तास फिरलेली असू शकते.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. आप्पांनी चुकून एखादं फोल्डर उडवलं तर ते दोन्हींकडून एकदमच जातं. कॅसेटी आणि फोटोंची तिसरी प्रत पुण्याला तुझ्या कपाटात पाहिजे.

प्रोसेसरचं थोडक्यात. इंटेल एन100 पुरे. चार कोर, 6 वॉटची चिप, आणि क्विक सिंक हा व्हिडिओसाठीचा भाग आतच असल्यामुळे एचईव्हीसीचा (जास्त दाबून साठवलेला) व्हिडिओ पुण्याला पाठवताना बारीक करून देतो. बोर्डावर डिस्क थेट जोडायचे साटा पोर्ट हवेत, यूएसबीच्या डब्यात डिस्क लटकवू नकोस. जुना ऑफिसचा डेस्कटॉप स्वस्तात मिळाला तर तोही चालेल, पण आठव्या पिढीचा तरी हवा. चौथ्या पिढीच्या आय5ला एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडता येत नाही, आणि दिवसरात्र चालू ठेवायचा म्हणजे बिल येतं. 30 वॉट अखंड म्हणजे महिन्याला बावीसेक युनिट. रॅम 16 जीबी घे. सिनेमे दाखवणारं सॉफ्टवेअर जेलीफिन, चिपकडून व्हिडिओ बारीक करून घ्यायला (हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला) तिथे वेगळे पैसे पडत नाहीत.

नेटवर्कला गिगाबिट पुरे, 2.5 गिगाबिटचा हट्ट सोड. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट 100 मेगाबिटचाच असतो, त्यामुळे आप्पांच्या टीव्हीला 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवरच ठेवू. पुण्याहून बघण्यासाठी आधी घरच्या इंटरनेटवाल्याला विचार, सीजीनॅट, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला, आहे का. असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होणार नाही, दोन्हीकडची यंत्रं खासगी वाटेने जोडणारं टेलस्केल टाकू.

यूपीएस लाइन इंटरॅक्टिव्ह (विजेचा दाब सावरणारा) घे, 600 व्हीएचा, पण यूएसबी पोर्ट असलेला. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून भागेल असं समजू नकोस, लाइट गेल्यावर तो चालू होईपर्यंतच्या झटक्यात मशीन बंद पडू शकतं. यूएसबीची वायर असली की बॅटरी उतरत आल्याचं सर्व्हरला कळतं आणि तो स्वतःहून नीट बंद होतो. वीज आली की आपोआप चालू व्हायची सोय बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) करून देतो, म्हणजे ‘ते बटण कुठलं रे?’ असा फोन तुला मीटिंगमध्ये यायचा नाही.

यूपीएस मी इथेच नवी पेठेत बघतो. डिस्कचे मॉडेल नंबर मात्र पैसे भरण्याआधी मला पाठव. येताना चांगली लॅन केबल आण, आप्पांकडची उंदरांनी कुरतडली आहे. काकूंनी शेंगाचटणी बांधून ठेवलीय, ती तू येईपर्यंत माझ्याकडे टिकेल याची हमी देत नाही.

तुझा,
संजू