वीस कुत्र्या, पण दहा घरांत

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

तू मोबाईलवर पाठवलेला हिशेब तुझ्या अप्पांनी मला वाचून दाखवला. पुण्याची नोकरी सोडून रानात शेड मारायचं, २० कारवानी, म्हणजे मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्या ठेवायच्या, वर्षाला दोनदा पिल्लं काढायची आणि मोबाईलवरूनच विकायची. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. तू गावी येतो म्हणालास याचा मला फार आनंद झालाय. पण २० कुत्र्या आपल्याला पेलणार नाहीत, आणि पेलल्या तरी ठेवू नयेत असं माझं मत आहे.

आधी पोटाचं बघू. मोठ्या कुत्र्याला दिवसाला साडेतीनशे ग्रॅम तरी ज्वारीचं पीठ लागतं. वर दूध-ताक, अधूनमधून अंडी, खाटकाकडची हाडं. म्हणजे एका तोंडाला वर्षाची सव्वा क्विंटल ज्वारी. आपल्या कोरडवाहू रानात मालदांडी बरी आली तर एकरी चार-पाच क्विंटल होते. २० तोंडांना २५ क्विंटल, म्हणजे पाचही एकर कुत्र्यांनाच घालायचं. मग आपण काय खायचं, गाईला कडबा कुठला आणि मेंढरांचं काय? आज दोन कुत्र्या आणि एक नर आहे, तर त्यांचं एका एकरात भागतं. ती राखण करतात म्हणून ज्वारीत डुकरं शिरत नाहीत आणि माडग्याळच्या मेंढरांना लांडग्याची भीती राहत नाही. हे गणित आपल्या जमिनीनंच बसवून दिलंय.

दुसरं, वर्षाला दोनदा वीत काढायचं डोक्यातून काढ. २०१७ पासून सरकारचे नियम आहेत: मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय लावायची नाही, वर्षातून एकदाच वीत, जन्मात पाचपेक्षा जास्त नाही, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. धंदा करायचा तर नोंदणीही लागते. तुझी आजी हे नियम यायच्या कितीतरी आधीपासून एक माज सोडूनच कुत्री दाखवायची. सारखी व्यालेली कुत्री पाठीत खचते आणि तिची पिल्लं जन्मतःच हलकी निघतात.

राणी या खेपेला व्याली तेव्हा तू नव्हतास. त्रेसष्टाव्या दिवशी पहाटे सुरू झालं. पाचवं पिल्लू आलं ते निपचित. नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, कोरड्या फडक्यात धरून पाठ चोळत राहिले. बराच वेळ काही नाही, मग एक बारीक कुईं निघाली. राणीनं लगेच माझ्या हातातून ओढून चाटायला घेतलं. २० कुत्र्यांच्या शेडमध्ये पाचव्या पिल्लाजवळ कोण बसणार? पगारी माणूस बसेल असं मला वाटत नाही. आणि एका पिल्लाला पार्व्हो, म्हणजे रक्ताच्या हगवणीचा रोग, लागला तर एका शेडमधली बरीच पिल्लं जातात.

आता खरं दुखणं सांगते. २०२० साली पंतप्रधानांनी रेडिओवर मुधोळचं नाव घेतलं, त्यानंतर आपल्याकडं फोन वाढले. कौतुक होतं ते चांगलंच आहे. मुधोळच्या राजेसाहेब मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री विलायतेच्या बादशहाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली होती. २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, पुढं लष्करानं मेरठला नेऊन शिकवली. पण फोनवर विचारतात काय, तर उंची किती, रंग कोणता, शर्यतीत पळेल का. पिल्लाची आई कशी आहे हे क्वचितच कोणी विचारतं. मग उंचीसाठी लोक ग्रेहाउंड ही विलायती शर्यतीची जात आपल्या कुत्रीवर घालतात. संकर झालेलं पिल्लू दिसायला देखणं आणि सरळ रानात वाऱ्यासारखं पळतं, पण कातडं इतकं पातळ की बोराटीत शिरलं की फाटतं, खडकाळ माळावर तळपाय फुटतात आणि चैत्रात दुपारी धापा टाकत बसतं. दोन पिढ्या गेल्या की मूळ रक्त कुठलं ते सांगता येत नाही.

पारख बाजारातल्या मापानं होत नाही. पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की मी त्यांना नांगरटीत सोडते. ढेकळांतून कोणतं न अडखळता जातं, लांबचा कावळा कोणतं आधी बघतं, दचकल्यावर कोणतं परत फिरून बघायला येतं, ते बघत बसते. मग कमरेच्या दोन हाडांवर हात ठेवून रुंदी बघते. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद झाली ते योग्यच झालं, पण नजर आणि पाय जपायचे तर कुत्र्याला रान लागतंच. म्हणून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी दुप्पट पैसे द्यायला आलेल्या माणसाला मी हात जोडून परत पाठवलं. तुझे अप्पा दोन दिवस गप्प होते, पण मला तेच बरोबर वाटतं.

७२ च्या दुष्काळात तुझे आजोबा खडी फोडायला जायचे. तिथं मिळालेली सुकडी अर्धी पोरांना आणि उरलेल्यातली मूठभर कुत्रीला. लोक नावं ठेवायचे. राणी त्याच कुत्रीच्या वंशातली आहे. वहीत सगळी नावं आहेत, आजोबांना लिहिता यायचं नाही म्हणून पहिली पानं मास्तरांच्या अक्षरात आहेत.

आता माझं म्हणणं ऐक. तुला २० कुत्र्या हव्यात ना, तर त्या दहा घरांत असू देत. आटपाडी, सांगोला, मंगळवेढा, खाली अथणीपर्यंत धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरी चांगल्या कुत्र्या आहेत. त्यांच्याकडं वही नाही. शेजारचाच नर लावतात, भाऊ-बहिणीची जोड लागते आणि पिल्लं किरकोळ निघतात. तुला मोबाईल, फोटो, याद्या सगळं येतं. घरोघर जा, आई-बापाची नोंद घे, कोणता नर कोणत्या कुत्रीला चालेल ते ठरव, लसीची तारीख लोकांना कळव. पिल्लू विकलं की पैसे त्या घरात जाऊ देत, तुझी ठरलेली मजुरी तू घे. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं कुत्र्यांचं केंद्र आहे, तिथंही एकदा जाऊन ये. यात शेडसाठी कर्ज काढावं लागत नाही. पैसा सावकाश येईल, सोबत आपली शेती आहे.

ज्वारी हुरड्यात आलीय, माघात काढणीला माणसं मिळत नाहीत, तेव्हा त्याआधी ये. मिरजेहून राणीच्या पिल्लांच्या लसी आणायच्यात, थर्मासमध्ये बर्फ घालून आण, एसटीत उन्हाच्या बाजूला बसू नकोस. आणि नोकरीचा राजीनामा देण्याआधी अप्पांशी समोरासमोर बोल.

तुझी आई