चित्राखालची ओळ कापू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ड्यूक ऑफ मँचेस्टर चार्ल्स माँटेग्यू यांचे चित्र आपण ठळकपणे छापलेत, याचा आनंद झाला. मात्र त्याखाली ‘तैलचित्र’ असे म्हटले आहे आणि सोबतच्या मजकुरात बँक ऑफ इंग्लंडच्या स्थापनेचे श्रेयही त्यांनाच दिले आहे. या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत.

१६९४ साली त्या बँकेसाठी पुढाकार घेतला तो त्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थांनी, म्हणजे पुढे अर्ल ऑफ हॅलिफॅक्स झालेल्या अर्थमंत्र्यांनी. दोघे एकाच घराण्यातले, समवयस्क आणि लंडनच्या किट-कॅट क्लब या राजकारणी व साहित्यिकांच्या मंडळाचे सभासद, तेव्हा गल्लत होणे समजण्यासारखे आहे. मँचेस्टर हे मुत्सद्दी होते. व्हेनिसला ते दोनदा आणि मधल्या काळात पॅरिसला राजदूत होते. १७०८ मध्ये व्हेनिसहून परतताना त्यांनी पेलेग्रिनी आणि मार्को रिची या चित्रकारांना इंग्लंडला आणले, आणि त्यांच्या किंबोल्टनच्या वाड्यातला जिना पेलेग्रिनीने रंगवला. ड्यूक हा किताब त्यांना १७१९ मध्ये मिळाला. हॅलिफॅक्स तर १७१५ मध्येच वारले होते.

तैलचित्र गॉडफ्री नेलर यांनी काढलेले आहे. आपण छापलेत ते त्यावरून जॉन फेबर (धाकटे) यांनी तांब्याच्या पत्र्यावर मेझोटिंट पद्धतीने केलेले मुद्राचित्र, आणि क्लबच्या सभासदांच्या अशा मुद्राचित्रांचा संच १७३५ मध्ये, म्हणजे मँचेस्टर यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. या पद्धतीत दातेरी कडेचे हत्यार डोलवत सगळा पत्रा आधी खरखरीत करतात; तसाच छापला तर कागदावर निव्वळ काळेभोर उमटते. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा खरवडून आणि घोटून गुळगुळीत करायचा. विद्यार्थिदशेत मी तळहाताएवढा पत्रा असा तयार करायला घेतला होता, त्यात चार दिवस गेले आणि मनगट सुजले. त्यामुळे विगच्या कुरळ्या बटांवरची ती मऊ चकाकी पाहिली, की काळोखातून एकेक बट मोकळी करणारा फेबर यांचा हात मला दिसतो. अशा कामाला नुसते ‘तैलचित्र’ म्हटलेले पाहून वाईट वाटते.

अशा चित्रांच्या तळाशी कोरीव अक्षरांची पट्टी असते. मूळ चित्र कोणाचे, कोरले कोणी, व्यक्ती कोण आणि तिचा किताब कोणता, हे सारे तिथेच असते. आपण छापलेल्या चित्रात ती पट्टी, बहुधा जागेअभावी, कापली गेली आहे. ती राहिली असती, तर दोन माँटेग्यूंची गल्लत झालीच नसती.

येत्या पुरवणीत हेच चित्र, लहान आकारात का होईना, पण तळाच्या पट्टीसह आणि फेबर यांच्या नावानिशी पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पुणे