विद्यापीठ चौकातील हवा आणि विद्यार्थ्यांची मोजणी

महोदय,

सकाळी नऊच्या सुमारास पुणे विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराबाहेर बसची वाट पाहत उभे राहिले, की गणेशखिंड रस्त्यावरच्या वाहनांचा धूर दहा मिनिटांत घशाला जाणवतो. चौकातला जुना उड्डाणपूल २०२० साली पाडला गेला आणि पुढे मेट्रोच्या व नव्या दुमजली पुलाच्या कामामुळे धुराला धुळीची जोड मिळाली.

मी पर्यावरणशास्त्र शिकवते. या हिवाळ्यात माझ्या काही विद्यार्थ्यांनी तळहातावर मावणारे, पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण मोजणारे यंत्र घेऊन प्रवेशद्वारापासून आतल्या झाडीपर्यंत थांबत थांबत नोंदी केल्या. एका मुलीने प्रत्येक आकड्यापुढे त्या क्षणी काय घडत होते तेही लिहिले आहे : 'सिग्नल सुटला', 'डंपर', 'झाडलोट सुरू'. अशी नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही, आणि मला ती फार मोलाची वाटते.

शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक काढताना या कणांची चोवीस तासांची सरासरी धरली जाते. तिची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ आहे. मात्र थांब्यावरचा विद्यार्थी, रिक्षाचालक किंवा वाहतूक पोलीस श्वास घेतो तो ऐन गर्दीच्या वेळी, आणि रात्रीच्या निवांत तासांमुळे सरासरी खाली आली तरी त्याला त्याचा काही उपयोग नसतो.

या स्वस्त यंत्रांची मर्यादा विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. कणांवरून विखुरणाऱ्या लेझर प्रकाशावरून ती अंदाज बांधतात. हवा दमट असली की कण ओलाव्याने फुगतात आणि आकडा वाढून येतो. म्हणूनच ती प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहावे लागतात. त्यासाठी एका शासकीय मापन केंद्रात जागा मिळावी, असा अर्ज आम्ही जानेवारीत केला. दोनदा स्मरणपत्रे पाठवली, परंतु अद्याप उत्तर नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुण्याचा समावेश २०१९ पासून आहे. त्या कार्यक्रमाच्या नावाने फलक लावण्यापेक्षा अशा मुलांना केंद्राचे दार उघडून देणे कितीतरी अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला मनापासून वाटते. आमची मागणी दोन आठवडे, विजेची एक जोडणी आणि गच्चीवर टेबलाएवढी जागा, इतकीच आहे. संबंधितांनी मे अखेरीपूर्वी परवानगी द्यावी, कारण पाऊस सुरू झाल्यावर ही तुलना पुढच्या हिवाळ्यावर जाईल आणि तोवर या विद्यार्थ्यांचे शेवटचे वर्ष संपलेले असेल.

– एक प्राध्यापिका, औंध, पुणे