जिगिंगचा स्वस्त रॉड घेताना

संपादक साहेब, पावसाळा संपून समुद्र शांत झाला की रत्नागिरी-मालवणात गळ टाकायला बरीच नवी पोरं येतात, पण हातात तोच घडी होणारा टेलिस्कोपिक रॉड, जो जिग (धातूचं जड आमिष) सतत वर-खाली झटकून, म्हणजे जिगिंग करून, सांध्यात सैल होतो. त्यापेक्षा २ तुकड्यांचा फायबरग्लास-कार्बन मिक्स घ्या, थोडा जड लागेल पण नुसत्या कार्बनपेक्षा धक्के जास्त सोसतो. रॉडवर किती वजनाचं आमिष झेपेल ते ग्रॅममध्ये छापलेलं असतं ते आधी वाचा, ४० ग्रॅमची जिग असेल तर २०-६० वाला बास, होडीतून खाली सोडायला ६ फुटी, खडकावरून लांब फेकायला ९ फुटी. गाईडच्या (दोरी जिच्यातून जाते त्या) रिंगांमधून कापूस फिरवून बघा, अडकला तर ब्रेडलाइन (विणलेली दोरी) तिथेच कातरणार. रविवारच्या पानावर याबद्दल छापा ना कधीतरी, दुकानदार तर नुसता ब्रँडच सांगतात.

– एक गळवाला, रत्नागिरी