वर्केशनवाल्यांना स्विमिंग पूल नको, राउटरला इन्व्हर्टर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत समुद्रकिनारी बसून ऑफिसचं काम करणाऱ्यांवर, म्हणजे वर्केशनवाल्यांवर, लेख आलावता, फोटो एकदम भारी, मांडीवर लॅपटॉप, पाय वाळूत, शेजारी शहाळं. पण त्या उन्हात स्क्रीनवर काय दिसतं का हो? तसं कोण काम करत नाही. आम्ही खोलीत पंख्याखाली बसूनच करतो, समुद्र काय तो कामाच्या आधी.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम कोल्हापुरात घरून करते आणि थंडीत मालवण-वेंगुर्ल्याकडं उतरते. लोक म्हणतात कोल्हापुरात कसली एवढी थंडी. बरोबर आहे, पहाटे पारा १४-१५ वर येतो, त्यात काय विशेष नाही. पण इथं कसबा बावड्याकडं ज्याला दमा आहे त्याला विचारा, उसाचा हंगाम सुरू झालेला, रानात पाचट पेटवलेलं, गुऱ्हाळांचा धूर वेगळाच, आणि सकाळच्या गार हवेत तो धूर वर सरकतच नाही, धुक्यात मिसळून खालीच बसतो, गच्चीवर कपडे वाळत घातले की त्यावर काळी काजळी. किनाऱ्यावर समुद्रामुळं रात्री एवढा गारठा नसतो, वारंही खेळतं, मला दम्याचा पंप कमी ओढावा लागतो.

आता थायलंडनं २०२४ ला असं बाहेर राहून ऑफिसचं काम करणाऱ्यांसाठी खास व्हिसाच काढला, ५ वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, पण खात्यात ५ लाख बाट दाखवा म्हणतात. आपल्याला गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरला की झालं, एसटीत आम्हा बायकांना हाफ तिकीट. (रेल्वेचं नाव काढू नका, वैभववाडीची लाईन मंजूर आहे म्हणे, गाडी मात्र कोल्हापुरात येऊन थांबते ती थांबतेच.)

खरी गंमत पुढं आहे. आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा. नोव्हेंबरात ते घड्याळ तासभर मागं घेतात, मग त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात हेच साडेसहा असतात. म्हणजे थंडीत सूर्यास्त आरामात बघून होतो, पण सगळ्या मीटिंगा रात्री, आणि लाईट जायची वेळ पण नेमकी तीच. होमस्टेवाले काका बुकिंगच्या वेळी सांगतात, "इन्व्हर्टर आसा ओ ताई, काळजी करू नकात." असतो, खोटं नाही बोलत. फक्त त्याच्यावर एक ट्यूब आणि पंखा, राउटरचा प्लग वेगळ्याच बोर्डात. बरं वायर ओढून राउटर जोडला तरी केबलवाल्याचा जो डबा बाहेर खांबावर टांगलेला असतो त्याला बॅटरी नसली की घरातले सगळे दिवे हिरवे आणि नेट शून्य. फायबर माडांमधनं लोंबत गेलेली, एक झावळ पडली की दिवस गेला. मोबाईलवर चालवू म्हणाल तर टॉवर वर सड्यावर (डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर) आणि वाडी खाली डोंगराच्या पायाला समुद्राला चिकटून, रेंज डोक्यावरून जाते. रात्री अकराला लॅपटॉप घेऊन सड्यावर कोण जाणार? २०२१ च्या तौक्ते वादळात खांब आडवे झाले तेव्हापासून वायरी जमिनीखालून घ्यायचं ऐकतोय.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला, पण अजून सगळा विचार शनिवार-रविवारच्या गर्दीचाच. स्कुबा, बनाना बोट, आणि आता जो तो स्विमिंग पूल बांधतोय, समोर अख्खा अरबी समुद्र असताना! सोमवार ते गुरुवार त्याच खोल्या कुलूप लावून पडलेल्या असतात. आमच्यासारखे महिना-महिना राहतील, भाडं आगाऊ देतील, फक्त महिन्याचा रेट विचारला की मालक गोंधळतात, रोजचा दर गुणिले ३० सांगतात, असं कोण घेणार. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करताना खोली बघायला येतात तेव्हा एक नीट टेबल, पाठीला टेकू देणारी खुर्ची (प्लॅस्टिकच्या खुर्चीत आठ तास बसून बघा एकदा) आणि राउटरला बॅकअप एवढं बघावं, त्याची वेगळी यादी करावी. यात नवीन बिल्डिंगा नकोत हे पण सांगते. गोव्यात बाहेरचे लोक कामासाठी येऊन राहायला लागले आणि काही गावांत भाडी कुठल्या कुठं गेली, तिथल्याच पोरांना खोली परवडेना. इथं घरातल्याच दोन खोल्या नीट केल्या तरी पुष्कळ.

हे होईल तेव्हा होईल. या थंडीत कुणी जाणार असेल तर बुकिंगच्या फोनवर राउटर इन्व्हर्टरवर आहे का ते विचारा, शक्य तर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस बॅगेत टाका. एसीचे जादा पैसे देऊ नका, जानेवारीत रात्री पंखासुद्धा बारीक करावा लागतो.

आपली एक वाचक,
कसबा बावडा, कोल्हापूर