‘नळ्या नकोत’ एवढे लिहून भागत नाही

महोदय,

‘मला नळ्या लावून ठेवू नका’ असे घरात बोलून दाखवणारे पुष्कळ. ते कागदावर उतरवणारे थोडे, आणि त्यांतल्याही बऱ्याच कागदांवर ‘सन्मानाने जाऊ द्या’ एवढेच असते. त्यावर डॉक्टर काय करणार? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार संदिग्ध वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल, म्हणजे आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) अमलात आणता येत नाही. म्हणून नेमके लिहावे: बरे होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, हृदय थांबल्यास छाती दाबू नये, वेदनाशामके, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणे मात्र चालू ठेवावे. नाकातल्या नळीने अन्न द्यायचे की नाही, याची वेगळी ओळ हवीच. नातेवाइकांचे हमखास इथे बिनसते. ‘उपाशी कसं ठेवायचं?’ यापुढे कोणी बोलत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने नियमांत केलेल्या बदलांनंतर या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिका, नगरपालिका वा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये तर मुळीच नको. ज्याच्या सहीने लॉकर उघडतो तोच तेव्हा आयसीयूत असतो.

खरी गोम आहे ती आपल्या वतीने बोलणाऱ्यांच्या नावांत. एकाहून अधिक नावे देता येतात. लोक सवयीने थोरल्या मुलाचे घालतात. तो परदेशातून रात्री दोन वाजता फोनवर ‘सगळं करा’ म्हणतो. त्यापेक्षा गावातच राहणारी, रडता रडताही ‘नको’ म्हणू शकणारी भाची बरी. तिला कागद आजच वाचायला द्यावा, तिच्या शंका ऐकाव्यात. तिला जमणार नसेल तर तेही आत्ताच कळलेले बरे. उपचार थांबवावेत का, यावर रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे साधारण ४८-४८ तासांत मत देतात, आणि तेवढे दिवस तिलाच बाकीच्या नातलगांना तोंड द्यायचे असते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांची इच्छा कुठेच नोंदलेली नव्हती. त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न २०११ मध्ये आला तेव्हा न्यायालयाने तो मान त्यांच्या दयामरणासाठी याचिका करणाऱ्या लेखिकेला दिला नाही. सदतीस वर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला.

मत बदलले तर इच्छापत्र लेखी रद्द करता येते. नवे केल्यास जुन्या प्रती परत मागवून फाडाव्यात. दोन कागद निघाले तर अलीकडच्या सहीचा धरतात, पण पहाटे चार वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरच्या हाती कुठला पडेल, सांगता येत नाही.

– अतिदक्षता विभागातील दोन डॉक्टर, पुणे