मनू, पोचलीस का नीट

मनू,

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. ठीक आहे, चूक माझीच. एसटी सुटेपर्यंत मी आपला गाडीवर बसून, हेल्मेटसुद्धा डोक्यावर तसंच. आई म्हणाली, निदान तोंड तरी दाखवायचं पोरीला.

आदल्या रात्री तुझ्या पुण्याच्या नव्या नोकरीला बोललो ना, इंग्लिशमध्ये केली तरी डाटा एंट्रीच ती, ते मागं घेतो. पण तूच दाखवलंस की गं, बँकेचं स्टेटमेंट आत घेतलं आणि त्या झेरो नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरनं स्वतःच ओळखलं कुठली रक्कम कुठल्या बिलाची, तू नुसती ओके ओके दाबत गेलीस. दोन रात्री झोप नाही मला. ओके दाबायला माणूस किती दिवस ठेवतील? असो, हे लिहायचं नव्हतं.

२२ हजार पगार चांगलाच आहे. इथं त्या टॅक्सवाल्यांकडं वर्षभर ९ हजारात राबलीस, जीएसटी रिटर्नची २० तारीख जवळ आली की रात्रीचे दहा ठरलेले, आणि इचलकरंजीत बीकॉम-टॅलीवाली पोरं पोत्यानं पडलीत, एक सोडून गेला की दुसरा दारात उभा, मग पगार कशाला वाढवतील. तुझं बरोबरच आहे. फक्त तिकडं ऑस्ट्रेलियात उजाडतं म्हणून तू पहाटे चारला कॅबमध्ये बसायचं, हे काय माझ्या गळी उतरत नाही. गाडीचा नंबर आईला टाकत जा. मला टाकलास तरी चालेल.

दत्तूकाका तुला आठवणार नाहीत. पेढीवर हिशोबाच्या वह्या, कीर्द-खतावणी तेच लिहायचे, अक्षर असं की मालक वही उघडून पाहुण्यांना दाखवायचे. कॉम्प्युटर आला, टॅली आली, मी पोरगा शिकलो आणि त्यांची जागा मला मिळाली. नंतर वर्षभर काका रोज अकराला पेढीवर यायचे, तांब्यातलं पाणी प्यायचे, माझ्या स्क्रीनकडं बघायचे आणि जायचे. एक शब्द बोलले नाहीत. तू ओके दाबत होतीस तेव्हा मला ते पाणी पिताना दिसले, म्हणून तोंडातनं तसं निघालं.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा तू नववीत. सगळ्या पार्ट्यांचे जीएसटी नंबर तू वाचायचीस, मी टाकायचो. २७ नं सुरू, एकूण १५ अक्षरं. तिसऱ्याच पार्टीला म्हणालीस, पप्पा, चौदावं अक्षर सगळ्यांचं झेडच आहे, तेवढं तुम्ही आधीच टाकून ठेवा. मी ते अजून लोकांना सांगतो. तुझ्यासमोर कधी सांगितलं नाही बहुतेक.

एकच सांगतो, सीएमए इंटर, ती कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा, सोडू नको. एंट्री जाईल, पण बिल बघून अडचण ओळखणारा माणूस जाणार नाही. मागं २०२४ च्या मार्चमध्ये बघितलंस ना, ते इन्कम टॅक्सचं ४५ दिवसांचं कलम आलं, लहान कारखानदाराचं बिल मुदतीत दिलं नाही तर ३१ मार्चला खर्चात धरता येणार नाही, करार नसेल तर मुदत १५ दिवसच. व्यापारी आपल्या यंत्रमागवाल्यांना म्हणायला लागले, उद्यम, म्हणजे लहान कारखान्याची नोंदणी, रद्द करा नाहीतर माल परत न्या. किती दिवस झाले ते टॅली सांगत होती, पण कुठला शेठ दिवाळीशिवाय पैसे सोडत नाही आणि कुणाला तोंडावर सांगितलं तर देतो, ते मला माहीत होतं. तसलं शिक. तिथं तुझ्यासारखी पन्नास पोरं बसली असतील, त्यातली सगळी ओके दाबणार, तू... झालं परत माझं सुरू. सॉरी. आत्याकडनं घेतलेल्या चाळीस हजारांचा विचार करू नको, ते मी बघतो.

अजून एक, आईला सांगू नको. मी हिशोब लिहितो त्या अकरातल्या तीन पार्ट्या गेल्या माझ्या. दोघांनी माग भंगारात घातले, तिसऱ्याचा पोरगा म्हणाला अंकल, आता मोबाईलवरच होतं सगळं. महिन्याचे साडेचार हजार कमी. म्हणजे मी भांडत होतो ते सगळं तुझ्याबद्दलच नव्हतं.

डब्याच्या पिशवीत तळाला पाकीट आहे, डिपॉझिटला लागेल. २० ला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न झालं की त्या रविवारी येतो पुण्याला. लॅपटॉप चार्ज करून ठेव आणि ते स्टेटमेंटचं मला एकदा सावकाश दाखव.

पप्पा